‘रात्रीचा दिवस’ करणाऱ्या साहेबांसाठी: झोप, तब्येत आणि नेतृत्व यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकवीस वर्षं मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत प्रॉडक्शनला काढली. ट्रेनी म्हणून लागलो, शिफ्ट इंचार्ज झालो, शेवटची सहा वर्षं प्लांट सांभाळला. आता सुपरवायझर आणि मॅनेजर मंडळींची प्रशिक्षणं घेतो. विषय क्वालिटीचा असो की सेफ्टीचा, चहाच्या सुट्टीत कुणीतरी हळूच बाजूला घेतं आणि झोपेचंच काहीतरी विचारतं. हॉलमध्ये सगळ्यांसमोर मात्र कुणी विचारत नाही, कारण आपल्याकडे झोपेबद्दल बोलणारा माणूस आळशी ठरतो. ते प्रश्न इथे एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही; जिथे डॉक्टरकडे जायला हवं तिथे तसं स्पष्ट म्हटलंय.

मी किती झोपतो ही माझी खासगी बाब आहे. त्याचा माझ्या नेतृत्वाशी काय संबंध?

तुम्ही एकटेच काम करत असाल तर फारसा नाही. तुमच्या ‘हो’ किंवा ‘नाही’वर दुसऱ्यांचं काही अवलंबून असेल, तर मात्र ती खासगी राहत नाही.

२२ मे २०१०. दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पहाटे सहाच्या सुमारास मंगळूरला उतरत होतं. तिथली धावपट्टी टेकडीच्या माथ्यावर, टोकाला दरी. कॉकपिटमधल्या यंत्रावर शेवटच्या दोन तासांचा आवाज टेप झालेला होता. त्यातला सुमारे एक तास चाळीस मिनिटांचा वेळ कॅप्टन झोपलेले होते; घोरण्याचा आवाज टेपवर आहे. पुढे विमान उतरायला लागलं तेव्हा ते हवं त्यापेक्षा बरंच उंचावर होतं. सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ म्हटलं. म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. कॅप्टननी विमान उतरवलंच. १६६ पैकी १५८ माणसं गेली. चौकशी अहवालाने थेट कारण म्हणून नोंदवलं ते हेच, की सहवैमानिक सांगत असताना आणि यंत्राचे इशारे वाजत असतानाही लँडिंग सोडून दिलं नाही. हातभार लावणाऱ्या कारणांत झोपेतून उठल्यानंतरची गुंगी धरली.

कॅप्टन नवखे नव्हते, हजारो तासांचा अनुभव होता. बाजूच्या खुर्चीतला कनिष्ठ माणूस बरोबर होता आणि त्याने सांगितलंही होतं. मी हा प्रसंग प्रत्येक बॅचला सांगतो, कारण आपल्या कारखान्यांत, शाळांत, हॉस्पिटलांत त्याच्या छोट्या आवृत्त्या रोज घडतात, फक्त टेप नसते. साहेबाची झोप गेली की आधी त्याचे कान जातात. खालचा माणूस सांगत असतो, साहेबाला ऐकू येत असतं, पण आत शिरत नाही.

तुमच्या हातून असं काही झालंय का?

झालंय. महिनाअखेर होती, डिस्पॅच अडकलेला, माझी सलग दुसरी रात्र. पहाटेचे चार वाजले असतील. प्रेस शॉपमधला एक जुना ऑपरेटर हातमोजे काढत केबिनच्या दारात आला. म्हणाला, “साहेब, डायचा आवाज वेगळा येतोय. जरा बघता का?” डाय म्हणजे पार्टला आकार देणारा साचा. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. “महिनाअखेर आहे, चालू दे,” म्हणालो. तो क्षणभर उभा राहिला, मोजे परत चढवले आणि गेला.

सहा वाजता क्वालिटीवाल्याने पार्टच्या कडेला तडा दाखवला. रात्रीचा जवळपास सगळा माल बाजूला काढावा लागला. पुढचे दोन दिवस माणसं टेबलाला बसून एकेक नग तपासत होती. दुपारी लॉगबुक उघडलं तर माझ्या अक्षरात लिहिलेलं: ‘आवाज चेक केला, ओके.’ तारीख आदल्या दिवशीची. मी आवाज तपासलेला नव्हता, आणि ते लिहिल्याचं मला आजही आठवत नाही.

मालाचं नुकसान भरून निघालं. त्या माणसाचं मात्र पुढचे तीन-चार महिने माझ्याकडे येणं बंद झालं. मशीन बंद पडलं की मगच कळायचं. ते नुकसान कुठल्या रिपोर्टात दिसलं नाही.

मला पाच तास पुरतात. वर्षानुवर्षं तसंच चाललंय. मग अडचण काय?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. बहुतेकदा विचारणारा जांभई दाबत विचारतो.

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात एक प्रयोग झाला, तो २००३मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांच्या गटांना १४ दिवस ठरावीकच वेळ अंथरुणात दिला: एका गटाला आठ तास, एकाला सहा, एकाला चार. रोज त्यांची सावधपणाची चाचणी घेतली. सहा तासवाल्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली आणि दोन आठवड्यांनी अशा पातळीला आली, जी एरवी एक-दोन रात्री पूर्ण जागून काढल्यावर दिसते. पण त्यांना ‘किती झोप येतेय’ असं विचारलं तर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांचं उत्तर फारसं बदललंच नाही. कामगिरी खाली जात राहिली आणि माणूस म्हणत राहिला, ‘मी ठीक आहे.’

म्हणून ‘मला पुरतात’ हे तुमचं मत मी पुरावा म्हणून धरत नाही. माझंही धरत नाही. पिलेल्या माणसाला ‘चढलीय का’ विचारून काय उपयोग?

खरोखरच कमी झोपेत भागणारी माणसं जगात आहेत. काहींच्या बाबतीत त्यामागचा जनुकीय बदलही सापडलाय. पण ती फार दुर्मीळ. आपण त्यातले आहोत का हे बघायचं असेल तर सलग सात-आठ दिवसांच्या सुट्टीत गजर लावू नका. पहिले दोन-तीन दिवस थकबाकीचे, ते सोडून द्या. त्यानंतर आपोआप जितके तास झोपाल ती तुमची गरज. माझी सव्वासात निघाली. मी तोवर साडेपाचवर भागवत होतो आणि स्वतःला चपळ समजत होतो.

दारूशी तुलना जरा जास्तच होत नाही का?

तुलना माझी नाही. १९९७मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक छोटा लेख आला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका बिघडतो, असं त्यात दाखवलं. चोवीस तासांनंतर तो ०.१० टक्क्यांच्या पातळीला जातो. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के.

आता तुमचा दिवस मांडून बघा. पहाटे साडेपाचला उठलात तर रात्री साडेदहाला सतरा तास होतात. आणि साडेदहालाच तुमच्याकडे ‘उद्याचा प्लॅन फायनल करू’ असा कॉल असतो. त्या कॉलवर कुणी पिऊन आला असता तर तुम्ही त्याला घरी पाठवलं असतं.

झोप कमी झाली की मी चिडचिड करतो, एवढं मान्य. पण माणसांना सवय असते ना साहेबाची?

सवय असते. ती कशाची झालेली असते, हा मुद्दा आहे.

झोप न झालेल्या मेंदूत भावनांचा धोक्याचा घंटानाद करणारा भाग, अमिग्डाला, नकोशी चित्रं दाखवल्यावर साठ टक्के जास्त उसळतो, असं २००७मधल्या एका अभ्यासात स्कॅनवर दिसलं. आणि त्याला लगाम घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा धागा सैल झालेला असतो. म्हणजे राग येणं आणि राग आवरणं, दोन्हीकडून आपण अडचणीत.

वॉशिंग्टन विद्यापीठाचे ख्रिस्तोफर बार्न्स हे बरीच वर्षं साहेबांच्या झोपेवरच संशोधन करतात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोन आठवडे रोज मॅनेजर आणि त्यांच्या टीमकडून नोंदी घेतल्या. ज्या रात्री साहेबाची झोप नीट झाली नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं बोलणं अपमानास्पद व्हायचं आणि त्या दिवशी सगळ्या टीमचं कामातलं मन उडायचं. त्यात तासांपेक्षा झोपेच्या दर्जाचा परिणाम दिसला, हे लक्षात ठेवा. आठ तास अंथरुणात पडून पाच वेळा जाग येत असेल तर ‘मी तर आठ तास झोपतो’ म्हणण्यात अर्थ नाही.

कारखान्यात लोक हे आधीपासून ओळखून असतात. साहेब गाडीतून उतरताना दार कसं लावतो, त्यावरून शिपाई आत फोन करतो, ‘आज जरा जपून.’ मग त्या दिवशी वाईट बातमी केबिनपर्यंत पोहोचत नाही.

पण मोठमोठी माणसं तीन-चार तास झोपूनच मोठी झाली ना?

अर्जुनाला आपण गुडाकेश म्हणतो, झोप जिंकलेला. ‘रात्रीचा दिवस केला’ हे मराठीत कौतुकाचं वाक्य आहे. कुणाच्याही सत्काराच्या भाषणात ते येतंच. त्यामुळे हा प्रश्न येणारच.

ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर चार तास झोपायच्या, असं नेहमी सांगितलं जातं. त्याच देशाचे चर्चिल दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही दुपारी चक्क कपडे बदलून अंथरुणात शिरायचे, हे कमी वेळा सांगितलं जातं. चार तास झोपून कोसळलेल्यांच्या मुलाखती कुणी घेत नाही, त्यामुळे हिशेब एकतर्फी राहतो.

दुसरी बाजू म्हणून अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचं उदाहरण बघा. २८ जानेवारी १९८६ला ते उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सातही अंतराळवीर गेले. आदल्या रात्री उशिरापर्यंत टेलिफोनवर बैठक चालली होती. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर थंडीमुळे रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग, नीट बसणार नाहीत म्हणून उड्डाण नको सांगत होते. वरच्यांनी ते बाजूला सारलं. अपघाताच्या चौकशी आयोगाने नंतर नोंदवलं की निर्णयात सहभागी काही महत्त्वाचे व्यवस्थापक त्याआधी अगदी थोडं झोपलेले किंवा फार काळ सलग कामावर होते. झोप हे एकमेव कारण नव्हतं, वेळापत्रकाचा दबाव होता, संस्थेची घडी होती. पण पुन्हा तेच चित्र: जाणकार माणूस ‘नको’ म्हणतोय आणि थकलेला वरिष्ठ ‘चालू दे’.

मग नेमके किती तास?

प्रौढांसाठी रोज किमान सात. पन्नाशीनंतर झोप कमी लागते हा गैरसमज. गरज जवळपास तीच राहते, सलग लागण्याची क्षमता कमी होते.

दुपारची वामकुक्षी घेतली तर चालेल? लोक हसतील.

हसू द्या. एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकरांवर उभा महाराष्ट्र हसत आलाय, आणि नासाने मात्र लांब पल्ल्याच्या वैमानिकांना मुद्दाम चाळीस मिनिटांची विश्रांती देऊन अभ्यास केला. त्यात ते सरासरी सव्वीस मिनिटं झोपले आणि उरलेल्या उड्डाणात न झोपलेल्यांपेक्षा जास्त सावध राहिले. आयुर्वेदात दिवसा झोपायला एरवी मनाई, पण चरकाने उन्हाळ्यापुरती सूट दिलीय. विदर्भात मे महिन्यात काम केलेल्या माणसाला यामागचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

अट एवढीच, की डुलकी वीस-पंचवीस मिनिटांची हवी. त्यापुढे गेलात तर गाढ झोपेत शिरता आणि उठल्यावर अर्धा तास डोकं जड राहतं. मंगळूरच्या अहवालातली गुंगी ती हीच. उठल्याबरोबर कुठल्याही कागदावर सही करायची नाही, तोंडावर पाणी मारा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. आणि साडेतीन-चारनंतर डुलकी नको, रात्रीची झोप पुढे सरकते.

चहाचं काय? आमच्याकडे दर तासाला येतो.

चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कटिंगमधलं अर्धं कॅफिन अकरा वाजताही अंगात असतं. मी दुपारी तीननंतर बंद केला. पहिले चार दिवस डोकं दुखलं, मग थांबलं. टपरीवर उभं राहून माणसांशी बोलणं मात्र सोडू नका, प्लांटमधली निम्मी खरी माहिती मला तिथेच मिळायची. हातात लिंबूपाणी असलं तरी चालतं.

आमचा क्लायंट अमेरिकेचा. रात्री साडेदहाचे कॉल टाळता येत नाहीत.

हिंजवडी-खराडीतून येणाऱ्यांचा हा प्रश्न, आणि ‘टाळा’ म्हणणं हा फुकटचा सल्ला झाला. पण घड्याळ लावून बघा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिकडे सकाळचे दहा. तरीही कॉल साडेदहाला का असतो? बहुतेकदा कुणी कधी विचारलेलंच नसतं. कॅलिफोर्नियाशी खरी अडचण आहे, तिथे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ.

एका टीमने काय केलं ते सांगतो. उशिराचे कॉल आठवड्यातून दोनच दिवसांवर आणले, ते तिघांत वाटून घेतले आणि कॉल घेणाऱ्याने दुसऱ्या दिवशी अकराच्या आत ऑफिसला यायचं नाही असा नियम केला. पहिल्यांदा नियम मोडला तो त्यांच्या मॅनेजरनेच, साडेनऊला हजर. मग बाकीचेही यायला लागले. नियम तेव्हाच टिकला जेव्हा मॅनेजर खरोखर अकराला यायला लागला.

आणखी एक: रात्रीच्या कॉलवर माहिती घ्या, द्या, पण किंमत, तारीख आणि माणूस यांबद्दलचा शब्द सकाळी द्या.

मी रात्री अकराला टीमच्या ग्रुपवर मेसेज टाकतो, पण ‘उद्या बघा’ असं लिहितो. ते चालतं ना?

नाही चालत. साहेबाच्या मेसेजचा टोन रात्री अकराला वाजला की समोरचा आधी बघतो, मग ‘उद्या बघा’ वाचतो, मग तासभर कूस बदलत राहतो. तुमच्या डोक्यातला विषय तुम्ही त्याच्या उशाशी ठेवलात. मेसेज लिहून ठेवा आणि सकाळी पाठवा. ईमेल वेळ लावून पाठवता येतो.

बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढच्या अभ्यासात असंही आढळलं की जे साहेब झोपेला किंमत देत नाहीत त्यांच्या हाताखालची माणसंही कमी झोपतात. पहाटे तीनला ईमेल टाकून त्याचा अभिमान मिरवणारे आपल्या माहितीत असतातच. त्यांची टीमही पहाटे तीनला जागी असते, फक्त उत्तर देऊ की नको या विचारात.

“घरचं आवरून अंथरुणाला पाठ टेकायला बारा, आणि उठायचं पाचला. तुमचं सगळं पटतं, पण ते पुरुषांसाठी आहे.”

हा प्रश्न नव्हता, एका क्वालिटी मॅनेजर बाईंनी मला भर वर्गात सुनावलं होतं. मी तेव्हा ‘वेळेचं नियोजन’ असं काहीतरी बोललो आणि अजून त्याची लाज वाटते.

केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटांचा, असं आलंय. तीन तास बावीस मिनिटांचा फरक. बाईंची झोप तिथे गेलेली होती, आणि ती लॅव्हेंडरचं तेल उशीला लावून परत येणार नव्हती. पाणी साडेपाचला येतं, डबे सातला लागतात, सासूबाईंची गोळी रात्री साडेदहाची. हे काम कुणी तरी उचलल्याशिवाय तास मोकळे होत नाहीत.

त्यांच्या घरी पुढे वाटणी झाली: पाणी भरणं आणि सकाळचे डबे नवऱ्याकडे, रात्रीची भांडी मोठ्या मुलाकडे. त्यांना सव्वा तास मिळाला. वर्गातल्या पुरुषांना म्हणून मी आता एक जास्तीचा प्रश्न विचारतो: तुमचे सात तास कुणाच्या झोपेतून येतात?

चाळिशी-पन्नाशीत रात्री अंगाची लाही होऊन, घाम फुटून जाग येत असेल तर ‘वयाचं आहे’ म्हणून सोसत बसू नका. स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, त्यावर उपचार आहेत.

बायको म्हणते मी फार घोरतो. गाढ झोपेचंच लक्षण ना ते?

उलट असू शकतं. घोरता घोरता श्वास थांबतो, मग धाप लागल्यासारखा आवाज होऊन पुन्हा सुरू होतो, असं ती सांगत असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. घसा झोपेत बंद होतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू अर्धवट जागा करतो. रात्रीतून कितीतरी वेळा, आणि सकाळी तुम्हाला त्यातलं काही आठवत नाही. दिवसा मीटिंगमध्ये पेंग, सकाळी डोकेदुखी, औषध घेऊनही न उतरणारं ब्लड प्रेशर ही सोबतची लक्षणं. जाड मान आणि सुटलेलं पोट असेल तर शक्यता वाढते, पण बारीक माणसांनाही होतो. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, ते स्लीप स्टडी सांगतील. रात्री नाकावर लावायचं हवेच्या दाबाचं मशीन, सीपॅप, पहिल्या आठवड्यात नकोसं होतं. माझ्या एका सहकाऱ्याने ते लावल्यावर महिन्याभराने त्याच्या ड्रायव्हरनेच विचारलं, “साहेब, हल्ली तुम्ही गाडीत झोपत नाही?”

झोप लागावी म्हणून एखादा पेग?

लागते लवकर, टिकत नाही. उत्तररात्री झोपमोड होते, स्वप्नांची झोप कमी होते आणि घोरणं वाढतं. झोपेच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने, किंवा मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने, नकोत.

अडीच-तीनला जाग येते आणि मग डोक्यात उद्याचं ऑडिट फिरत राहतं.

घड्याळ बघू नका. वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, पेंग आली की परत या. अंथरुणात पडून विचार करत राहिलं की मेंदू अंथरूण आणि काळजी यांची गाठ मारून ठेवतो. मी झोपण्याच्या तासभर आधी वहीत उद्याची कामं लिहितो. ‘कुणाला काय सांगायचं’ एवढंच, चार-पाच ओळी. तीन महिन्यांहून जास्त काळ, आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री असं होत असेल तर तो निद्रानाश समजायचा. त्यावर विचार आणि सवयी बदलण्याची एक ठरावीक उपचारपद्धती आहे आणि गोळ्यांच्या आधी तीच सुचवली जाते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नका.

रविवारी दुपारपर्यंत झोपून भरपाई होते?

थोडी होते. पण रविवारी अकराला उठलात की रात्री झोप येत नाही आणि सोमवारची सुरुवातच थकून. तासाभरापेक्षा जास्त फरक नको.

झोप सोडून बाकी तब्येतीचं काय? जिम, डाएट?

आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं, ही जागतिक आरोग्य संघटनेची किमान शिफारस. शॉपफ्लोअरवर दोन फेऱ्या मारल्या तर त्यातलं बरंच होतं, आणि माणसंही भेटतात. रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी. यापलीकडे मला विशेष सांगण्यासारखं नाही. ज्याची झोप पुरी होते तो बाकीचं हळूहळू स्वतःच करतो; चार तास झोपून पहाटे पाचला जिममध्ये जाणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

मनगटावरचं घड्याळ झोपेचा स्कोअर देतं. त्यावर विश्वास ठेवू?

किती वाजता आडवे झालात आणि उठलात, एवढ्यापुरता ठेवा. गाढ झोपेची मिनिटं मोजत बसलात तर त्याच काळजीने झोप जाईल.

माझ्या साहेबाला हे कसं सांगू? ‘थकलोय’ म्हटलं तर कमकुवत समजतील.

‘थकलोय’ म्हणू नका. तासांचा हिशेब आणि चुकांचा हिशेब शेजारी शेजारी ठेवा. मी एकदा सहा महिन्यांचं रिजेक्शन तासांप्रमाणे मांडलं. पहाटे तीन ते सहा हा पट्टा कागदावर असा काही वर आला की मला तोंड उघडावं लागलं नाही. या वेळी शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात. आतलं घड्याळ आपल्याला झोपवू बघत असतं. या घड्याळाची पेशीतली यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं. त्यानंतर आमच्याकडे डाय बदलणं आणि मोठे निर्णय त्या पट्ट्यातून बाहेर काढले.

कायद्याची एक गंमत सांगतो. १९४८च्या कारखाना कायद्याने कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली. देखरेख आणि व्यवस्थापन करणाऱ्यांना मात्र राज्याच्या नियमांनी त्यातून वगळता यायचं. म्हणजे मशीन चालवणाऱ्याचे तास मोजायचे आणि ‘मशीन चालू दे’ म्हणणाऱ्याचे मोजायचे नाहीत. वैमानिकांच्या बाबतीत उलट आहे. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या २०२४च्या नियमांत त्यांची आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास केली गेली, कॅप्टन असो की सहवैमानिक. ती विश्रांती ‘तुम्हाला कसं वाटतंय’ यावर सोडलेली नाही. आपल्याला सुपरवायझरसाठी निदान एवढं लिहून घेता येईल: दोन शिफ्टमध्ये अकरा तासांचं अंतर, सलग दुसरी रात्र नाही, आणि सोळा तासांवर ड्युटी झाली असेल तर सहीचा अधिकार दुसऱ्याकडे.

थर्ड शिफ्ट सुटल्यावर बाइकवरून घरी जाताना डोळे मिटतात. नाशिक फाट्याच्या सिग्नलला एकदा पायच टेकवायला विसरलो.

आजपासून बाइक नको. कंपनीची बस घ्या, नाहीतर कुणाच्या तरी मागे बसा, आणि त्याची स्वतःची झोप झालेली आहे ना हे विचारून घ्या. काहीच नसेल तर निघण्याआधी तिथेच वीस मिनिटं पडा आणि पूर्ण जागे झाल्यावरच निघा. घरी जाताना उन्हाचा चष्मा लावा, सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराला दिवस सुरू झाल्यासारखं वाटतं. खोलीला जाड पडदे, फोन सायलेंट, आणि दूधवाल्याला बेल न वाजवण्याची ताकीद.

आम्ही टाइम ऑफिसच्या मागच्या खोलीत चार खाटा टाकल्या होत्या. पहिला महिनाभर कुणी फिरकलं नाही, साहेब काय म्हणतील म्हणून. मग एका सकाळी थर्ड शिफ्ट संपवून मीच तिथे आडवा झालो, बूट काढून, दार उघडं ठेवून. वीस मिनिटांनी उठवायला सिक्युरिटीवाल्याला सांगितलं होतं. तो पंचवीस मिनिटांनी आला, कारण शेजारच्या खाटेवर प्रेस शॉपचा तो जुना ऑपरेटर येऊन झोपला होता आणि दोघांना एकदम उठवू असं त्याने ठरवलं.